रिंग बाहेर येते, हेही छापा

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीत केराटोकोनसवरचा, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याच्या आजारावरचा, लेख वाचला. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सोसायटीत कामाला जायच्या आधी हे पत्र लिहायला बसले आहे. लेसरने बुबुळात रिंग बसवतात, वीस मिनिटांत काम होतं, दुखत नाही, असं लेखात आहे. त्यातलं काही खोटं नाही. माझा धाकटा भाऊ नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑपरेशन टेबलावरून स्वतः उठून चालत बाहेर आला आणि भूक लागली म्हणाला. माझी तक्रार एकविसाव्या मिनिटापासून पुढची आहे. त्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळसुद्धा नाही.

'चष्म्यापासून कायमची सुटका' हा मथळा मात्र साफ चुकीचा आहे. रिंग बसवल्यावरही बहुतेकांना चष्मा किंवा लेन्स लागतेच. ही रिंग म्हणजे पीएमएमए प्लास्टिकची बारीक कमान. मोतीबिंदूच्या जुन्या लेन्स याच प्लास्टिकच्या असायच्या. पुढे आलेलं बुबुळ ती आतून ताणून थोडं सपाट करते, एवढंच. आजार वाढायचा थांबवणं हे तिचं काम नाही. त्यासाठी रिबोफ्लेविनचे थेंब घालून अल्ट्राव्हायोलेट किरण देतात, ते सीथ्रीआर वेगळं. लेसर फक्त बोगदा कोरतो, रिंग डॉक्टरच हाताने आत सरकवतात. निरोगी बुबुळाचा पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, या आजारात त्याहून पातळ. त्यात बोगदा हवा तेवढा खोल गेला नाही, तर रिंगेवरचा पडदा हळूहळू विरतो. लेसरमुळे खोली बरीच सारखी येते, हे मान्य. तरी जंतुसंसर्ग होतो, रिंग जागची हलते, टोक बाहेर येतं, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. हे क्वचित होत असेल. आमच्या घरात झालं.

भाऊ बेळगावला उद्यमबागेत मशीनवर काम करतो. व्हर्नियरवरच्या, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीवरच्या, रेघा त्याला एकीच्या तीन दिसायला लागल्या तेव्हा टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या आकाराची तपासणी, झाली आणि आजाराचं नाव कळलं. आमची आई निपाणीतच विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तिच्या मागे रांगणारी आम्ही दोघं. याचे डोळे लहानपणापासून खाजायचे आणि तो मुठींनी चोळायचा. चोळल्याने हा आजार वाढतो, हे आम्हाला तो एकवीस वर्षांचा झाल्यावर कळलं. तुमच्या लेखात डोळे चोळू नका, एवढं एक वाक्य असतं तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी कोल्हापूरला तपासणी होती. नेमकं तेव्हाच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद पडल्या. सीमेपर्यंत गाडी, पुढे मिळेल ते वाहन. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणालो आणि तो आठवडा आलाच नाही. ही चूक आमची. पण संपादक साहेब, दर वेळी भांडण झालं की आधी गाड्या का बंद होतात? कोगनोळीच्या नाक्यावर उपाशी बसलेले पेशंट, परीक्षेची मुलं यांनी कुणाचं काय केलं आहे? तुमच्या पहिल्या पानावर तेव्हा पुढाऱ्यांचे फोटो होते.

एप्रिलमध्ये त्याचा डोळा लाल झाला. डोळे आले असतील, असं सगळेच म्हणाले. मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी उजेड सहन होईना. त्या थेंबांत स्टिरॉइड होतं, हे नंतर बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. जंतू वाढत होते आणि लाली तेवढी दबली होती. आईने मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं. बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग आणि त्यातून काचेच्या तुकड्यासारखं काहीतरी चमकत होतं. ते रिंगेचं टोक होतं.

बेळगावला त्याच दिवशी रिंग काढली. पुढे दर तासाला थेंब, दिवसा आणि रात्रीही. ते थेंब फ्रीजमध्ये ठेवावे लागतात आणि आमच्याकडे तेव्हा फ्रीज नव्हता. शेजारच्या काकूंनी सहा रात्री मागच्या दाराला कडी लावली नाही. मी अलार्म लावून उठायचे, अंधारात त्यांच्या स्वयंपाकघरात जायचे, दुधाच्या पातेल्याशेजारची बाटली घेऊन यायचे, थेंब घालून परत ठेवायचे. दोन थेंबांच्या मध्ये पाच मिनिटं थांबायचं असतं. त्या पाच मिनिटांत भाऊ एकच विचारायचा, "ताई, मशीनवर घेतील ना गं परत?"

या सगळ्याची शक्यता आम्हाला आधी कुणी सांगितली नव्हती का? कागदावर सांगितली होती. चार पानांचं संमतीपत्र, सगळं इंग्रजीत. सही कुठे करायची त्या जागी पेन्सिलने फुली मारून दिली होती. घरी आल्यावर मी शब्दकोश घेऊन बसले तेव्हा तिसऱ्या पानावर रिंग बाहेर येण्याचा उल्लेख सापडला. सहीच्या वेळी कुणी मराठीत दोन मिनिटं समजावलं असतं, डोळा लाल झाला, दुखला, नजर धूसर झाली तर त्याच दिवशी या म्हणून सांगितलं असतं, तर आम्ही मेडिकलमध्ये गेलो नसतो.

मी या उपचाराच्या विरुद्ध नाही. अनेकांना त्याने दिसायला लागलं आहे आणि गरज पडली तर रिंग काढता येते, हा त्याचा मोठा गुण. भावाच्या उजव्या बुबुळाच्या कडेला व्रण राहिला आहे, पण मधोमध नाही, एवढं नशीब. आता तो स्क्लेरल लेन्स लावतो. ती बुबुळावर न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. व्हर्नियरची रेघ पुन्हा एकच दिसते. डाव्या डोळ्याचं सीथ्रीआर करून घेतलं आहे.

तेव्हा पुढच्या पुरवणीत, याच जागी आणि याच आकाराच्या मथळ्याखाली, रिंग बसवलेल्यांनी कशावर लक्ष ठेवायचं ते एखाद्या नेत्रतज्ज्ञाकडून लिहवून घ्या. विचारल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नका, हे त्यात ठळक छापा. आणि अक्षर मोठं ठेवा. कालचा लेख तुम्ही फिकट राखाडी अक्षरांत छापला होता, भावाला तो मी वाचून दाखवला.

भावाच्या नोकरीचा प्रश्न असल्याने माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, निपाणी