आधी शेगड्या मोजा: काकूंना आभाराचं पत्र

ती. काकूंना साष्टांग नमस्कार,

बारशाची ४० पानं घरच्या घरी, वेळेवर आणि गरम उठली, ती तुम्ही आखून दिलेल्या स्वयंपाकामुळे. आम्ही सगळ्या रोज रांधणाऱ्याच आहोत, पण दहा माणसांचा स्वयंपाक चारपट केला की चाळिसांचा होतो, असं नसतं. हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. आभार घरी येऊन मानलेच असते. पण तुमची पद्धत आणखी चार घरांच्या उपयोगी पडावी म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत.

पदार्थ ठरवायच्या आधी शेगड्या मोजा, हे तुमचं पहिलं वाक्य. एरवी आधी यादी होते आणि मग ओट्यावर गर्दी. चार बर्नरची शेगडी असली तरी बारा लिटरचं पातेलं चढलं की शेजारचा बर्नर झाकला जातो, म्हणजे हाताशी तीनच. तसंच फ्रिजचे कप्पे आणि मोठी पातेली. हे तिन्ही आकडे लिहून झाल्यावर तुम्ही पदार्थांचे तीन भाग केलेत: आदल्या दिवशी संपणारे, सकाळी अकरापर्यंत संपणारे आणि ऐन वेळचे. ऐन वेळी शेगडीवर तळण एकच, पुऱ्या. यादीतली भजी त्यामुळेच गेली आणि तिथे कोथिंबीर वडी आली. भजी दहा मिनिटांत मऊ पडतात, वडी बराच वेळ छान राहते. आम्हाला विचाराल तर सगळ्या आखणीतला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता.

आदल्या दिवशीचं मोठं काम श्रीखंडाचं. पानाला ९० ग्रॅम धरून साडेतीन किलोंच्या वर श्रीखंड लागतं. त्याला २ किलो चक्का आणि पावणेदोन किलो साखर. म्हशीच्या ५ लिटर दुधाच्या दह्यातून साधारण तेवढा चक्का निघतो. दही ताजं आणि गोडसर असतानाच टांगायचं. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टांगलं तर पाणी निथळतं खरं, पण चक्का आंबतो, आणि तो आंबटपणा साखरेनं झाकला जात नाही. म्हणून सुरुवातीचे दोन तास बाहेर, मग कापडाची पुरचुंडी चाळणीत ठेवून वर वजन द्यायचं आणि सगळं फ्रिजमध्ये. बोटानं दाबल्यावर कापड ओलं होत नसेल तरच चक्का तयार. साखर मिसळली की ती आणखी पाणी ओढते आणि मिश्रण सैल होतं, त्यामुळे चक्क्यात राहिलेलं थोडं पाणीही महागात पडतं. साखर कालवून दोन तास ठेवायचं, मग पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सरमध्ये फिरवलं की श्रीखंड वाहतं. ते पुन्हा घट्ट होत नाही. केशर चमचाभर कोमट दुधात, वेलदोडा आणि जायफळ शेवटी.

वड्यांचे उंडेही त्याच संध्याकाळी. कोथिंबिरीच्या सहा मोठ्या जुड्या धुऊन, कापडावर पसरून पूर्ण सुकवायच्या आणि मगच चिरायच्या. ओली कोथिंबीर पाणी सोडते, पीठ सैल वाटतं, म्हणून हात आणखी बेसनाकडे जातो आणि वडी दडस होते. पाऊण किलो बेसन, मूठभर तांदळाचं पीठ, तीळ, आलं-मिरचीचं वाटण. मनगटाएवढे जाड उंडे २० मिनिटं वाफवून, गार करून, अख्खेच फ्रिजमध्ये. सकाळी थंड उंड्याच्या वड्या सुरीनं स्वच्छ कापल्या जातात. गरम कापल्या तर कडा तुटतात आणि तेल पितात. मोठ्या तव्यावर थोड्या तेलात खरपूस करायच्या. नव्वद वड्यांना तवा सात-आठ वेळा भरतो, तेव्हा दहाच्या आधी सुरुवात हवी.

घुगऱ्यांसाठी १ किलो हरभरे रात्रीच भिजत घालायचे. बटाटेही रात्रीच उकडायचे, ४ किलो, सालासकट. गार झालेल्या बटाट्याच्या फोडी धरून राहतात. गरम बटाटा मोठ्या कढईत परतला की त्याचा लगदा होतो.

आता मसालेभात. यात तुम्ही जे शिकवलंत ते मोठ्या प्रमाणाच्या कुठल्याही स्वयंपाकाला लागू पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरण-भाताची छोटी मूद आणि पुऱ्याही पानात असल्या तर ४० पानांना मसालेभाताला २ किलो तांदूळ पुरतो, आणि मुदीसाठी ६०० ग्रॅम आंबेमोहर वेगळा. मसालेभाताला मात्र आंबेमोहर नको. चार माणसांत तो छान लागतो, पण मोठ्या पातेल्यात स्वतःच्याच वजनानं चिकटतो. जुना कोलम घ्यायचा. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचा. त्यात १ किलो तोंडली, पाव किलो मटार, दीडशे ग्रॅम काजू, ५० ते ६० ग्रॅम गोडा मसाला, वरून दोन नारळांचं ओलं खोबरं आणि भरपूर कोथिंबीर.

घरी वाटीला दोन वाट्या पाणी घालतो, त्या हिशेबानं २ किलोला पावणेपाच लिटर होतं. तुम्ही चारच लिटर सांगितलंत. कारण पातेलं मोठं झालं तरी त्याचं तोंड त्या पटीत मोठं होत नाही, वाफ कमी जाते, आणि तोंडलीचं पाणी सुटतं ते वेगळंच. फोडणीचं तेलही असंच. ते बुडाला पसरून मोहरी तडतडण्यापुरतं हवं. घरच्या भाताला लागतं त्याच्या सरळ पटीत घेतलं तर भात तुपकट होतो. तिखट आणि हिंग हिशेबाच्या तीन-चतुर्थांश घालून चव बघायची. मीठ मात्र सरळ पटीतच लागतं, इतक्या भाताला साधारण ६० ग्रॅम. आधणाचं पाणी चाखल्यावर जेवणापेक्षा जरा खारट लागलं म्हणजे बरोबर.

पाणी उकळतंच ओतायचं. गार पाणी घातलं तर एवढ्या मोठ्या पातेल्याला पुन्हा उकळी यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात खालचा तांदूळ फुगून मोडतो आणि वरचा कच्चाच राहतो. उकळी आली की पातेल्याखाली जाड लोखंडी तवा, आच मंद, झाकणावर वजन. शितात बारीक कणी उरली असतानाच गॅस बंद. घरच्या छोट्या भांड्यात असं केलं तर भात कच्चा राहील, पण मोठं पातेलं गॅस बंद केल्यावरही वीस मिनिटं आतल्या आत शिजत राहतं. पूर्ण शिजवून ठेवलेला भात वाढेपर्यंत गिचका होतो, तो यामुळेच. वीस मिनिटांनी कडेनं उलथनं घालून, न घोटता, वरचा भाग एका परातीत काढायचा म्हणजे तळाच्या भातावर भार राहत नाही. साडेबाराच्या पंगतीसाठी अकराला फोडणी, पावणेबाराच्या आत गॅस बंद. एवढा मोठा बर्नर तिथेच पुऱ्यांसाठी मोकळा होतो, हे वेळापत्रकातलं खरं कौशल्य.

पुऱ्यांचा हिशेब माणशी चार-सव्वाचार, म्हणजे १७० च्या आसपास, आणि त्याला ३ किलो कणीक. तीनही किलो एकदम भिजवायची नाही. किलोला दोन चमचे रवा, दोन चमचे मोहन, मीठ आणि जेमतेम अर्धा लिटर पाणी. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट. तासभर पडून राहिलं की ते सैलावतं आणि सैल पीठ तेल पितं, म्हणून एक किलो लाटून होत आलं की दुसरं भिजवायचं. लाटताना पिठी लावायची नाही, तेलाचं बोट. पिठी कढईत गळते, जळते, आणि पन्नासाव्या पुरीपर्यंत तेल काळं होऊन पुऱ्यांवर ठिपके दिसू लागतात. लाटलेल्या पुऱ्या एकमेकींवर न ठेवता ताटात पसरून वर ओलसर फडकं घालायचं; वारा लागून वाळलेली पुरी फुगत नाही, पापडीसारखी कडक होते. कणकेचा छोटा तुकडा टाकल्याबरोबर वर आला तर तेल तयार. उशिरा आला तर पुऱ्या तेलकट होतील, लगेच काळपटला तर वरून लाल आणि आत कच्च्या राहतील.

लाटायला दोघी, तळायला एकच. तळणारा हात बदलला की आच बदलते, असं तुम्ही म्हणालात आणि ते अगदी खरं आहे. मोठ्या कढईत एका वेळी चार पुऱ्या, मिनिटाला एक घाणा. २० पानांच्या पंगतीसाठी ६० पुऱ्या आधी तयार हव्यात, म्हणजे सव्वाबारापूर्वी कढई चढलीच पाहिजे; पुढच्या पुऱ्या जेवण चालू असताना येत राहतात. तेल कमी झालं तर घाण्याच्या मध्ये भर घालायची नाही. पंगती बदलताना घालायची आणि नीट तापू द्यायची.

बाकीचं थोडक्यात. अळूला हाताला तेल लावून बसायचं आणि चिंच घालताना कंजुषी करायची नाही. कमी शिजलेलं अळू घशात खवखवतं. काकडी अडीच किलो, चोचवून, हलकं मीठ लावून पिळून ठेवायची. दाण्याचं कूट, लिंबू, साखर आणि गार झालेली फोडणी पंगत बसताना. आधी कालवली तर कोशिंबिरीचं पाणी पुऱ्यांखाली जातं. मठ्ठ्याला ३ किलो दही आणि ५ लिटर पाणी, रात्रभर गार केलेलं. बर्फ टाकला तर शेवटच्या माणसाला पांढरं पाणीच मिळतं.

वाढपाची पद्धतही तुम्ही हिशेबात धरली होतीत, हे आमच्या कधीच लक्षात आलं नसतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या; मग वरण-भाताची मूद आणि साजूक तूप. सुरुवातीलाच मूद पडते म्हणून पुऱ्या माणशी चारवर भागतात. मूद वगळली तर पाच-सहा धरायला हव्यात. दुसऱ्या पंगतीचं श्रीखंड, वड्या आणि भाजी आधीच वेगळी काढून झाकून ठेवायला लावलीत, तेही योग्यच. पहिल्या पंगतीला आग्रह होतो आणि कमी पडतं ते नेहमी शेवटी बसणाऱ्या घरच्या माणसांना.

उरलेल्या भाताबद्दल तुम्ही जितक्या कडक होतात, तितकं प्रत्येकानं असावं. भातातले काही जंतू बीजरूपात शिजल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर नको, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर ५ च्या खाली. त्यामुळे दुसरी पंगत उठताच उरलेला भात परातीत पातळ पसरून, वाफ गेल्याबरोबर उथळ डब्यांत आणि फ्रिजमध्ये. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भात कित्येक तास कोमटच राहतो. शेजारी डबे द्यायचे असतील तर ते जेवणं संपताच, संध्याकाळी नव्हे.

काकू, तुम्ही स्वतः डाव हातात न घेता दिवसभर ओट्याशेजारच्या खुर्चीवर बसलात आणि प्रत्येकीला तिचं काम तिच्या हातानं पूर्ण करू दिलंत. मदत करणारे पुष्कळ असतात. पुढच्या वेळी आपली गरज पडू नये अशी मदत करणारे फार थोडे. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

तरी एक विचारायचंच आहे. मार्गशीर्षात साखरपुडा आहे, ६० पानं, आणि सगळ्यांना पुरणपोळी हवी आहे. माणशी दोन धरल्या तर १२० पोळ्या. एका पोळीला तव्यावर तीन मिनिटं आणि दोन तवे, म्हणजे तीन तास नुसतं भाजणं. आदल्या दिवशी दुपारी करून, पूर्ण गार करून, कापडात ठेवाव्यात आणि वाढताना वर गरम दूध-तूप द्यावं, असा आमचा विचार आहे. तेव्हा तळण म्हणून वड्याच ठेवाव्यात की बटाटेवडे झेपतील? शेगड्या तेवढ्याच आहेत. रविवारी दुपारी कागद घेऊन येतो.

तुमच्या हाताखाली काम केलेल्या आम्ही सगळ्या