‘अभिनिर्णीत’ म्हणजे नक्की काय ठरलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दिंडोरीच्या काकांना मागे एका सरकारी ऑफिसातून पत्र आलं, त्यात एकच मोठं वाक्य होतं, ‘सदर वाटणीपत्र अभिनिर्णीत करण्यात येत आहे’. काकांची हयात द्राक्षबागेत गेली, त्यांना त्यातलं फक्त ‘निर्णय’ कळलं आणि त्यांना वाटलं विहिरीच्या वाट्याचा निकाल लागला, आपल्या बाजूने. त्यांनी पेढे आणले. आणि धाकट्या काकांकडे ही बातमी लगेच गेली, तर ते म्हणाले आम्हाला न विचारता निर्णय कसा काय दिला, दोन्ही घरांतलं बोलणं आठ दिवस बंद!

शेवटी मी नाशिकच्या सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापाशी, कोर्टाजवळच्या एका टायपिंगवाल्यांना कागद दाखवला. ते म्हणाले अहो हे ॲडज्युडिकेशन आहे, स्टॅम्प ड्युटी किती भरायची एवढंच ठरलंय, बाकी काही नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 31 मधलं हे काम, मुद्रांक जिल्हाधिकारी दस्त बघून योग्य शुल्क किती ते ठरवतात. जमीन कोणाची, विहीर कोणाची, हे तिथे ठरतच नाही.

मग मला वाटलं, मराठीत यासाठी शब्द कमी आहेत का? निवाडा आहे, निकाल आहे, फैसला आहे आणि प्रत्येकाचा वापर वेगळा. निवाडा हा निवडण्यातून आलेला, आई सुपात तांदूळ घेऊन बसते, खडे एकीकडे दाणे एकीकडे, तसं दोन्ही बाजूंचं ऐकून खरंखोटं वेगळं करायचं. भूसंपादनात मात्र निवाडा झाला म्हणजे मोबदला किती ते ठरलं, हे आमच्याकडच्या शेतकऱ्यांना पाठ आहे. आणि ‘अर्ज निकाली काढला’ हे तर सगळ्यात फसवं, लोकांना वाटतं काम झालं, पण अर्ज फेटाळला तरी तेच लिहितात, निकाली काढला म्हणजे फाईल बंद झाली एवढंच.

राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे, 27 फेब्रुवारीला आपण नाशिककर कुसुमाग्रजांच्या नावाने मराठीचा दिवस साजरा करतो, आणि त्याच मराठीतलं पत्र वाचून घेण्यासाठी माणसाला दिंडोरीहून सीबीएसला यावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं. कायद्यातला शब्द काढून टाका असं मी म्हणत नाही, त्याला ठरलेला अर्थ आहे, तो राहू दे. पण त्याच्याखाली साध्या मराठीत एक ओळ टाका ना, ‘या दस्तावर एवढं मुद्रांक शुल्क भरायचं असं ठरवलं आहे, मालकी कोणाची याचा हा निर्णय नाही’.

काकांनी ते पत्र जपून ठेवलंय, ‘अभिनिर्णीत’च्या खाली पेनाने माझ्याकडून अर्थ लिहून घेतला आणि मग ते धाकट्या काकांच्या घरी दाखवायला गेले.

आपला,
एक वाचक, नाशिक