उचल खरी, नक्कल नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला सत्तरच्या दशकातील ब्रिटिश रॉकवरचा लेख आवडला. पण 'इमर्सन, लेक अँड पामर' या त्रयीला 'पाश्चात्य अभिजात संगीताची नक्कल' म्हणून एका ओळीत निकालात काढलेले पाहून राहवले नाही.

रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीने 1874 मध्ये 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' लिहिले ते एकट्या पियानोसाठी. 1922 मध्ये फ्रेंच संगीतकार राव्हेलने त्याला ऑर्केस्ट्राचा साज चढवला. त्याला कोणी नकलाकार म्हणाले नाही. मग मार्च 1971 मध्ये न्यूकॅसलच्या सिटी हॉलमध्ये या त्रयीतल्या कीथ इमर्सनने तीच रचना हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनवर आणि मूग या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरवर घेतली, मध्ये गायक लेकचे स्वतःचे गाणे घातले, चक्क ब्लूजही घुसवला, तर बिघडले कुठे? रचनेच्या सुरुवातीचा 'प्रोमेनाड' हा तुकडा त्याने हॉलच्याच पाइप ऑर्गनवर वाजवला. तो ऑर्गन होता वर, पायऱ्या चढून. खाली आपल्या वाद्यांपाशी पोहोचेपर्यंत त्याला वेळ मिळावा म्हणून पामर ड्रम घुमवत राहतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तो घुमारा ऐकताना मला दरवेळी जिना उतरणारा इमर्सन दिसतो! नाट्यसंगीतातल्या ऑर्गनवर वाढलेल्या माझ्या कानांना हॅमंडचा तो भरदार, किंचित खरखरीत सूर परका वाटला नाही, हेही कबूल करतो.

1973 च्या 'टोकाटा' या त्यांच्या रचनेसाठी तर इमर्सन थेट जिनिव्हाला गेला. हिनास्तेरा या अर्जेंटिनाच्या संगीतकाराच्या पियानो कॉन्चेर्टोचा (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा) चौथा भाग त्याने रॉकसाठी बांधला होता. तो हिनास्तेराला ऐकवला आणि त्याची संमती घेऊन परतला.

लेखकाला दोष द्यायचाच होता, तर जागा वेगळी होती. 1970 च्या पहिल्या रेकॉर्डवरचे 'द बार्बेरियन' म्हणजे हंगेरियन संगीतकार बार्टोकचे 'अलेग्रो बार्बारो', आणि 'नाइफ-एज' मध्ये चेक संगीतकार यानाचेकची 'सिंफोनिएटा', शिवाय मधल्या भागात जर्मन संगीतकार बाखची रचना. रेकॉर्डच्या पहिल्या आवृत्तीवर यांपैकी एकाचेही नाव नव्हते. वाजवले झकास, पण ज्याच्या घरातून आणले त्याचे नाव लपवले. याबद्दल लेखात अवाक्षरही नाही.

आपला,
एक वाचक, पुणे