डाव्या बटणावरची टेप

सिडको, नाशिक
मंगळवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू चाकणला पोचलीस एवढं आईकडून कळलं. तुझा थर्मास इथेच राहिला, तो आत्याबरोबर पाठवतो. ती गुरुवारी मोशीला जाणारच आहे. भाऊबीजेच्या रात्री जे झालं ते फोनवर पुन्हा नको, म्हणून लिहितो. फोनवर तू "हो आप्पा, बघते" म्हणतेस आणि माझा आवाज चढतो.

आधी चांगलं सांगतो. तू लाइनचा व्हिडिओ दाखवलास, तासाला 450 पीस निघायचे ते 500च्या वर गेले म्हणालीस, तेव्हा ऊर भरून आला. सातपूरला प्रेस शॉपमध्ये, पीस दाबून काढणाऱ्या मशीनवर, माझी उभी हयात गेली. तिथे बायका दिसायच्या त्या पॅकिंगला. आज माझी मुलगी अख्खं प्रेस शॉप सांभाळते, हे मी कार्बन नाक्यावर भेटेल त्याला सांगतो.

पण त्या व्हिडिओत डावं बटण टेपने दाबून ठेवलेलं होतं. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून तर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही दाबली तरच वरचा रॅम खाली येतो. तू व्हिडिओ पुढे सरकवलास, मी मागे घ्यायला लावला. पिवळा डबा, त्यावरच्या डाव्या बटणाला तपकिरी पॅकिंग टेपचे दोन-तीन वेढे, पोरगा उजव्या हाताने स्ट्रोक मारतोय आणि डाव्या हाताने पीस काढतोय. एका पीसमागे तुझा जो एक सेकंद वाचला, तो तिथून वाचलाय.

"मी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःच केलं," असं तू म्हणालीस. खरंच असेल. पण कंत्राटी पोरगा, इन्सेंटिव्ह पीसवर, समोर भिंतीवर तासातासाच्या आकड्यांचा बोर्ड. तो दुसरं काय करील?

असो. बटणाचं राहू दे, हिशेबाचं बोलू. पाळीची मिनिटं 480. जेवणाची 30 गेली. तू म्हणालीस, दोनदा डाय, म्हणजे पीसचा साचा, बदलते आणि दर वेळी सव्वा तास जातो. म्हणजे 150 गेली. प्रेस प्रत्यक्षात चालते 300 मिनिटं. आठ सेकंदांना एक पीस धरला तर 2250 पीस. पोराच्या हातातून एक सेकंद काढलास की साधारण 2570 होतात, म्हणजे 320 जास्त. आता हात आहे त्याच वेगाने चालू दे, आणि डाय बदलायला सव्वा तासाऐवजी 25 मिनिटं लाव. शंभर मिनिटं सुटली. त्यात 750 पीस निघतात, आणि कुणाचं बोट डायजवळ जात नाही.

ही माझी कल्पना नाही. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या 1000 टनी प्रेसवर 1970च्या आसपास हेच केलं. डाय बदलायला चार तास लागायचे, ते आधी दीड तासावर आणले, मग तीन मिनिटांवर. प्रेस बंद करूनच करावी लागतात ती कामं वेगळी काढायची, आणि बाकी सगळी प्रेस चालू असतानाच उरकायची, हे त्यातलं मूळ. तुझ्याकडे प्रेस थांबल्यावर माणूस स्टोअरमध्ये डाय शोधायला जातो ना? मग क्रेनची वाट, मग पाना कुठे गेला, मग टी-बोल्ट लांब पडतो म्हणून वॉशरवर वॉशर. शेवटी पहिला पीस पास करायला क्वालिटीवाला जागेवर नाही. यात पोराच्या हाताचा काय दोष?

पुढची डाय आधीच ट्रॉलीवर प्रेसशेजारी आणून ठेवायला सांग. सगळ्या डायना खालून पॅकिंग प्लेट देऊन शट हाइट, म्हणजे मिटलेल्या डायची उंची, एक करून घे, म्हणजे दर वेळी रॅम वरखाली करत बसावं लागणार नाही. क्लॅम्पची जाडी सारखी ठेव, बोल्ट एकाच मापाचे. आणि डाय बसवणाऱ्या सेटरला विचार. तुझ्या लॅपटॉपपेक्षा त्याला जास्त माहीत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. तू वरून हुकूम सोडलास तर तो मान डोलावेल आणि... बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. तू हे शिकलेली आहेस, शिंगो तुला पाठ असतील. के. के. वाघमधून तू पहिल्या वर्गात पास झालीस आणि मी तुला डाय बदलायला शिकवतोय. राग मानू नकोस.

पण डावं बटण डोक्यातून जात नाही गं.

रघुनाथकाका आठवतो का? संक्रांतीला तुम्हाला मांजा गुंडाळून द्यायचा, चहाचा कप नेहमी उजव्या हातात, डावा हात खिशात. तू विचारलं होतंस, तेव्हा आईने "मशीनमध्ये गेला" एवढंच सांगितलं. महिनाअखेर होती, दुसरी पाळी. डावं बटण सुतळीने बांधलेलं, सगळ्या लाइनला माहीत होतं. पीस तिरका बसला म्हणून तो डाव्या हाताने सरळ करायला गेला आणि उजव्या हाताने सवयीने बटण दाबलं. मी शेजारच्या प्रेसवर होतो. तो ओरडलाही नाही. "आप्पा, रॅम वर घे" एवढंच म्हणाला. दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी सुतळी कुठेच नव्हती, आणि ती कुणी बांधली होती हेही कुणाला माहीत नव्हतं.

मशीनला कुंपण हवं हे 1948च्या कारखाना कायद्यात कलम 21 मध्ये लिहिलेलं होतं, आमच्या भिंतीवरही चिकटवलेलं होतं. त्या दिवशीही होतं.

विलासमामाच्या मालेगावच्या मागावर तू लहानपणी तासन्‌तास बसायचीस, धागा तुटला की मामाला हाक मारायचीस. टोयोटाची सुरुवात मागापासूनच झाली. साकिची टोयोडा यांचा 1924चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. एकेका मागाशी राखण बसायची गरज उरली नाही, म्हणून एका माणसाला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. थांबता येण्यातून उत्पादन वाढलं. तुझ्या पोराला प्रेस थांबवायची मुभा आहे का? थांबवली तर तुझ्या बोर्डवर त्याच्या नावापुढे लाल खूण पडते का? मला उत्तर नको, तू स्वतः बघ.

तुझ्यावर वरून किती दाब असेल ते मला कळतं. रात्री अकराला मेल येतात, आई सांगते. वेळेवर जेव. दादाच्या पिंपळगावच्या द्राक्षबागेत अवकाळीने डाऊनी रोग धरलाय, तोही रात्र रात्र फवारणीत आहे. तुम्ही दोघं एकाच वळणाची.

टेप उद्या सकाळच्या पाळीआधी काढून टाक. आकडा पुन्हा 450वर येईल, साहेब विचारतील. तेव्हा वरचा हिशेब त्यांच्यापुढे ठेव आणि डाय बदलण्यासाठी महिनाभर माग. वाटलं तर मी येतो. शनिवारी सकाळच्या बसने निघालो तर दुपारपर्यंत पोचेन. बाहेरच्या माणसाला शॉपमध्ये सोडत नसतील तर सेटरला घरी बोलाव, वही घेऊन बसू. त्याला शाकाहारी चालतं का ते कळव, आई विचारतेय.

तुझा
आप्पा