टँकरसारखे ढग आणि चौथीची कविता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन झाला, तुमच्या पेपरात शाळाशाळांतल्या काव्यवाचनाचे फोटो आले, नऊवारीतल्या मुली, फेटेवाली पोरं, छान वाटलं बघून. पण माझ्या नातीच्या शाळेत (नाव कशाला घेऊ) त्याच दिवशी प्रत्येकाने "स्वरचित कविता" आणायची होती आणि आदल्या रात्री साडेदहाला आमच्या घरी काव्यनिर्मिती चालू होती, म्हणजे मुलगा मोबाईलवर शोधतोय, सून आई-ताई-माई असं यमक जुळवतीय आणि नात केव्हाच झोपलेली. दुसरा नंबर आला! सर्टिफिकेट फ्रिजवर चिकटवलंय. नात तिसरीत आहे, तिला म्हणलं तुझ्या कवितेत काय आहे गं, तर म्हणे आजी ते बाबांना विचार.

मी ३१ वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची बरीचशी माण तालुक्यात, तिसरी-चौथीला. आणि खरं सांगते, कित्येक वर्षं मी पण कविता तशीच शिकवली जशी मला शिकवलेली. एकदा चालीत म्हणायची, मग अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर, मग भावार्थ मी सांगायचा पोरांनी उतरवायचा, यमक जुळणारे शब्द लिहा, संपली कविता, पुढचा धडा. कुणी पाहुणे आले आणि कविता म्हणजे काय रे विचारलं तर सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "यमक असतं ती कविता!" मला पण त्यात काही चुकीचं वाटायचं नाही.

एका जूनमध्ये सगळं फिसकटलं. पावसाची कविता चालू होती, हिरवे डोंगर, खळखळणारे ओढे वगैरे. माणमध्ये जूनला कुठला ओढा खळखळतोय, आमच्याकडं खरा पाऊस म्हणजे परतीचा, सप्टेंबरात आला तर आला. त्या दिवशी शाळेबाहेर टँकर उभा होता आणि निम्म्या पोरांचं लक्ष आपापल्या घागरीकडं. एक मुलगा, त्याचे वडील मेंढरं घेऊन बाहेरमुलखात असायचे, तो म्हणला, "बाई, ह्यो पाऊस कुठल्या गावचा?" सगळे हसले, मी पण हसले. मग म्हणलं बरं, तुझ्या गावचा सांग. तो खाली बघत बसला जरा वेळ आणि म्हणला, "आमच्यात ढग येत्यात, पर टँकरवाणी दुसऱ्याच गावाला जात्यात."

मी ते फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं, येत्यात-जात्यात सकट, आणि विचारलं ही कविता हाय का न्हाई सांगा. अर्धा तास भांडण! एक मुलगी म्हणली कविता न्हाई बाई, खरंय ते. दुसरा म्हणतो खरं कसं, ढगाला चाकं असत्यात व्हय. तिसरी म्हणली पण ढगात पण पाणी अन् टँकरात पण पाणी, अन् दोन्हीची वाट बघायला लागती. मी गप्प उभी. एक गोष्ट दुसरीसारखी दिसते, आणि तशी म्हणली की जास्त खरी वाटते, हे पोरांनी माझ्या मदतीशिवाय शोधलं होतं. त्याला उपमा म्हणतात हे मी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर सगळ्यांना भूक लागली असती.

त्यानंतर मी क्रमच उलटा केला. आधी कान, मग तोंड, मग वही, आणि भावार्थ सगळ्यात शेवटी, राहिला तर राहिला. एका मुलाच्या आजीला वर्गात बोलावलं, जात्यावरच्या ओव्या म्हणा म्हणलं. ती खुर्चीत बसली आणि तिला एक ओवी आठवेना, सारखी पदर सावरतीय. मग खाली बसली, उजवा हात नुसता हवेत गोल फिरवायला लागली, जातं नाही काही नाही, आणि एकामागून एक ओव्या निघायला लागल्या. पोरं पण हात फिरवायला लागली. कवितेला लय असते असं मी दहा वेळा फळ्यावर लिहिलेलं, कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या बाईच्या हातातनं शिरलं.

मग आम्ही टाळ्यांवर अक्षरं मोजायचो. आठ अक्षरांची ओळ, जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, चौथीच्या पोराला सहज जमतं. आधी स्वतःचं नाव मोजायचं, मग ओळ. सगळ्या वर्गाने मिळून केलेली एक अजून माझ्या वहीत आहे:

आमच्या गावच्या रानी
वारा मेंढरं हाकतो
ढग नुसता बघतो

"बघतो" च्या जागी आधी "पळतो" होतं. का बदललं यावर परत भांडण झालं, ढग पळतो का बघतो. शब्द निवडायचा म्हणजे काय ते यातच आलं, वेगळा पाठ घ्यावा लागला नाही.

ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने सांगायचं आणि बाईने लिहून घ्यायचं, असं पण करायचे मी. काहीजण म्हणाले हे काय, आधी वाचायला-लिहायला येऊ दे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या म्हणायच्या आणि घरचे लिहून घ्यायचे, त्या १९५१ ला गेल्या आणि पुस्तक १९५२ ला आलं. मग आपल्या दुसरीच्या पोराला कशाला थांबवायचं?

आता निपुण भारतमध्ये (लहान मुलांना वाचता-लिहिता आणि आकडेमोड यावी म्हणून केंद्र सरकारचं अभियान) तिसरीच्या मुलाने मिनिटाला ६० शब्द वाचायचे असं आहे. त्याला माझा विरोध नाही, वाचता आलंच पाहिजे, माझ्याच वर्गात चौथीला अडखळणारी पोरं होती. पण घड्याळ लावून वाचायची सवय लागलेलं पोर कविता पण तशीच पळवतं, ओळ कुठं संपली, का संपली, तिथं थांबायचं असतं हे त्याला कोण सांगणार? आणि गाईडमधला छापील भावार्थ तर बंदच केला पाहिजे निदान चौथीपर्यंत, "कवीला येथे निसर्गाचे सौंदर्य सांगायचे आहे" हे वाक्य मी हजार वह्यांत तपासलं असेल, कुठल्याही कवितेखाली चालतं.

पाठांतराला मात्र नावं ठेवू नका. तोंडपाठ कविता पोराच्या जवळच राहते, अर्थ दहा वर्षांनी कळला तरी चालतो.

आता तुमच्याकडं एक मागणं. तुमच्या मुलांच्या पानावर कविता असतात पण त्या मोठ्या माणसांनी लहान होऊन लिहिलेल्या, नाहीतर आमच्या घरी झाली तशा. त्यातली थोडी जागा पोरांच्या बोललेल्या ओळींना द्या, दोन ओळी असल्या तरी, यमक नसलं तरी, आणि मुख्य म्हणजे बोली सुधारू नका. मी माझ्या वहीतल्या अकरा ओळी सोबत पाठवतीय, मुलांची नावं काढलीयेत. जागा नसेल तर माझं पत्र कापा, पण येत्यात-जात्यात चं येतात-जातात करू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा