मोगऱ्याच्या ओवीपुढची ओवी

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि फलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर 'क्रिस्तपुराण' या ख्रिस्तकथा सांगणाऱ्या मराठी ग्रंथातली, मराठीला पुष्पांतली मोगरी म्हणणारी ती ओवी पुन्हा झळकू लागली. ती वाचून छाती फुगते, माझीही फुगली. पण वसईकडच्या शाळेत मी मराठी शिकवत होतो तेव्हा हीच ओवी फळ्यावर लिहिली असता एका मुलीनं विचारलं होतं, "सर, पुढे काय आहे?" पुढच्या जवळपास अकरा हजार ओव्यांपैकी एकही मला येत नव्हती. हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

ती ओवी लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधल्या विल्टशरचे. त्यांच्या देशात तेव्हा कॅथलिक पाद्री होणं धोक्याचं होतं, म्हणून ते रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या संघात, दाखल झाले आणि 1579 मध्ये गोव्यात उतरले. हा संघ 1540 चा. त्याचे फ्रान्सिस झेवियर 1542 मध्येच गोव्याला पोचले होते. 1545 ते 1563 या काळात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं प्रोटेस्टंटांना उत्तर देता देता आपल्या चर्चची घडी नव्यानं बसवली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच राहिली, पण संस्कारांचा अर्थ लोकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगा असं धर्मगुरूंना बजावण्यात आलं. गोव्यातल्या साष्टीत ती बोली आपली होती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती झाकून ठेवून हा ग्रंथ मिरवू नये असं मला वाटतं. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. 1567 मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. जुन्या पोथ्या जवळ बाळगणं गुन्हा ठरलं. नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या घरात त्यामुळे वाचायला काही उरलं नाही. ग्रंथाच्या सुरुवातीलाच साष्टीचा एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशीच दुसरी का देत नाही? ज्यांनी पोथी काढून घेतली त्यांच्यातलाच एक जण मग ओवी लिहायला बसला. संत एकनाथ पैठणला समाधिस्थ झाले 1599 मध्ये. म्हणजे स्टीफन्स गोव्यात उतरल्यापासून वीस वर्षं हे दोघे एकाच काळात ओवीच्या छायेत होते. स्टीफन्स प्रस्तावनेत सांगतात की शुद्ध मराठी सामान्यांना कळत नाही, म्हणून ठिकठिकाणी इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले शब्द मिसळले आहेत. कोकणीवाले आणि मराठीवाले या वाक्यावरून आजही भांडू शकतील. भांडोत, पण निदान वाचून भांडोत!

छपाईची गोष्ट तर आपल्या खात्यात टांगून ठेवण्यासारखी आहे. गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये. 1608 च्या पत्रात स्टीफन्स येशूसंघाच्या प्रमुखांना कळवतात की इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात अक्षरांचे चोवीस साचे लागतात तिथे या लिपीला सहाशे लागतील. ते साचे झाले नाहीत. 1616 मध्ये साष्टीतल्या राचोलला क्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमी, म्हणजे रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाच्या अक्षरजोडणीत, 'श' साठी 'एक्स' वापरून. देवनागरीत छापलेलं मराठी व्याकरण यायला त्यानंतर 1805 उजाडलं आणि तेही श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या. त्याआधीच 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला होता की इथली भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज शिका. ज्या चर्चनं आपल्या भाषेत पुराण लिहवून घेतलं त्याच चर्चच्या आश्रयदात्या राजवटीचा हा हुकूम.

राचोलच्या त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ठाऊक नाही. 1907 मध्ये मंगळूरला पुन्हा छापली गेली तीही रोमीतच. एक देवनागरी हस्तलिखित मात्र लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत, मार्सडन संग्रहात आहे.

माझी मागणी एवढीच: अभिजात मराठीच्या कामात या ग्रंथाची एक चिकित्सक आवृत्ती धरावी. डाव्या पानावर रोमी पाठ, उजव्या पानावर लंडनच्या प्रतीचा देवनागरी पाठ, तळाला शब्दार्थ, सुरुवातीला इन्क्विझिशनसकट सगळा इतिहास. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्याचं संत पीटरवरचं मराठी पुराणही याच रांगेत आहे, पण ते नंतर. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर चढवले गेले, त्यांच्याविषयीही लिहायचा मोह होतो, तो आवरतो.

पुस्तकाला वेळ लागणार हे मला कळतं. तोवर लंडनशी पत्रव्यवहार करून त्या हस्तलिखिताची स्वच्छ छायाचित्रं तरी सर्वांना मोफत पाहता येतील अशी ठेवावीत. त्या मुलीला मी तेव्हा "उद्या सांगतो" म्हणालो होतो.

आपला,
वसई तालुक्यातला एक निवृत्त मराठी शिक्षक