निफाडच्या बंड्याला, मशीन घेण्याआधी

इंदिरानगर, नाशिक
१० मार्च २०२६

प्रिय बंड्या,

घरी लग्नांचं एडिटिंग करायला तू घेणार आहेस त्या कॉम्प्युटरच्या कोटेशनचा फोटो मिळाला. कागद इतका चुरगळलाय की तो तू बरेच दिवस खिशात घेऊन हिंडतोयस हे दिसतंच. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू "हो, हो" म्हणतोस आणि दुकानात जाऊन तिसरंच काहीतरी उचलून आणतोस. म्हणून सगळं लिहून काढतोय. वहिनींनाही वाचायला दे. ७५ हजारांत त्यांच्या भिशीचे पैसे आहेत, तेव्हा त्यांचाही हक्क आहे.

कोटेशन वाईट नाही, पण ते गेम खेळणाऱ्या पोराचं आहे. इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर, १६ जीबीची एकच रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, वर काचेचा कॅबिनेट, रंग बदलणारे पंखे आणि सगळ्यात मोठा घास ग्राफिक्स कार्डाचा. दुकानदाराने गंडवलं असं मी म्हणणार नाही. तू त्याला "एडिटिंगला पाहिजे, भारी द्या" एवढंच सांगितलं असणार. त्याने विचारला नाही तो प्रश्न मी विचारतो: तुझ्याकडे फाइल कोणत्या येणार आहेत? मशीन त्यावरून ठरतं, बाकी सगळं मागाहून.

परवा रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीवर, म्हणजे तिथल्या रंगाच्या जुन्या हौदावर, शूट केलं. माझ्याकडे नेहमीचा सोनीचा ए६४०० कॅमेरा, बरोबरच्या पोराकडे सोनीचाच भाड्याने आणलेला ए७ फोर. पिवळ्या पाण्यात धप्पा मारणारी माणसं, उडणारे थेंब, हलती गर्दी, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कॉम्प्रेशनची परीक्षाच. घरी येऊन दोन्ही फाइल एकाच टाइमलाइनवर टाकल्या. ए६४०० ची विनातक्रार पळाली आणि ए७ फोरची प्रत्येक कटला अडखळत होती. आता गंमत बघ. दोन्ही ४के, दोन्ही एक्सएव्हीसी एस (हा सोनीचा फाइलचा प्रकार), दोन्ही एच.२६४ (ही व्हिडिओ दाबायची पद्धत). फरक इतकाच, की ए६४०० देतो ८ बिट ४:२:०, सेकंदाला १०० मेगाबिट. ए७ फोर त्या सेटिंगला होता १० बिट ४:२:२ वर, म्हणजे रंगाची माहिती जास्त, १४० मेगाबिट.

या आकड्यांनी घाबरू नकोस. एच.२६४ किंवा एच.२६५ च्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण, मग पुढच्या कितीतरी फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं: अमक्या तारखेला बाकी किती होती हे सांगायचं तर मागच्या शिलकेपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. व्हिडिओ सरळ बघताना हे खुपत नाही. आपण एडिट करताना मात्र मधेच उडी मारतो, मागे जातो, तीन कॅमेरे एकदम लावतो, आणि दरवेळी ती बेरीज नव्याने करावी लागते. प्रोसेसरच्या कोअरवर हा भार टाकला की पंखा ओरडतो आणि चित्र अडकतं.

या कामासाठी इंटेलच्या प्रोसेसरमध्येच बसवलेल्या, म्हणजे अंगच्या ग्राफिक्समध्ये एक वेगळा भाग असतो, क्विक सिंक. तो हे उलगडण्याचं काम परस्पर करून टाकतो. आणि तुझ्या कोटेशनमधल्या प्रोसेसरपुढे जो 'एफ' आहे ना, त्याचा अर्थ तोच भाग बंद. एफवाल्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. गेमवाल्याला त्याची गरज नाही, म्हणून तो स्वस्तातला एफ घेतो आणि शहाणा ठरतो. तू घेतलास तर थोड्या पैशांसाठी एडिटिंगचा मुख्य आधारच दुकानात ठेवून येशील.

आणखी एक बारकावा आहे, तो दुकानात कुणी सांगणार नाही. १२४०० मधल्या यूएचडी ७३० नावाच्या अंगच्या ग्राफिक्सला असं व्हिडिओ उलगडणारं इंजिन एक आहे. १२५०० आणि १३५०० मधल्या यूएचडी ७७० ला दोन. लग्नाच्या मल्टिकॅमला, म्हणजे अनेक कॅमेरे एकदम लावून कापताना, हा फरक कोअरच्या संख्येपेक्षा जास्त जाणवतो. म्हणून १२५०० मिळाला तर डोळे झाकून घे. नसेल तर १३५०० किंवा १४५००, आणि खिसा अगदीच नाही म्हणाला तर बिनाएफचा साधा १२४००. १३व्या-१४व्या पिढीच्या काही प्रोसेसरांत व्होल्टेजचा दोष निघाला होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर सुधारणा दिली. तेव्हा त्या पिढीचा घेतलास तर मदरबोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, दुकानातच अपडेट करून माग.

आता त्या ए७ फोरकडे परत येतो, कारण तू लग्नात दुसरा कॅमेरावाला भाड्यानेच आणणार. क्विक सिंकला एच.२६५ मधलं १० बिट ४:२:२ पेलतं, ११व्या पिढीपासून पुढे. एच.२६४ मधलं या प्रोसेसरांच्या क्विक सिंकला पेलत नाही. एनव्हिडियाची ४०-सीरिजपर्यंतची कार्डं तर ४:२:२ दोन्हींत उलगडत नाहीत, ५०-सीरिजपासून ती सोय आली. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही ते जमत नाही. मग तू म्हणशील, कॅमेऱ्यात एच.२६५, म्हणजे एक्सएव्हीसी एचएस लावू. लाव, पण ए७ फोरवर त्यात ४के ला २५पी (सेकंदाला २५ फ्रेम) नाही, ५०पी घ्यावं लागतं, आणि ५०पी घेतलं की फ्रेम दीडपट कापली जाते. आपल्याकडच्या मंगल कार्यालयात स्टेजसमोर मागे सरकायला जागा कुठे असते? पाठीला पंगत लागते. त्यापेक्षा त्या पोराला शूटआधीच सांग, "एक्सएव्हीसी एस, ८ बिट, ४:२:०, २५पी, माझ्या कॅमेऱ्यासारखं लाव." लग्नाच्या कामाला ते पुरतं. ही एक सूचना फुकट आहे आणि ती कार्डापेक्षा जास्त कामाची आहे.

आलेली फाइल कोणती हे ओळखायला मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून घे. फाइल त्यात ओढलीस की कोडेक (एच.२६४ की एच.२६५), बिट, ४:२:० की ४:२:२, सगळं लिहून येतं.

ग्राफिक्स कार्डाबद्दल आपलं वाजणार आहे हे मला माहीत आहे. माझं म्हणणं, ते आत्ता घेऊ नकोस. तू स्टुडिओत एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतोस, घरीही काही महिने तेच करणार. एडियसला क्विक सिंक आणि प्रोसेसर पुरेसा होतो. कार्ड लागतं ते दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरला, कारण त्याचा सगळा रंगकामाचा पसारा कार्डाच्या मेमरीवर चालतो आणि अंगच्या ग्राफिक्सवर ते कण्हत चालेल. ते शिक जरूर, फुकटची आवृत्तीच ४के ६० फ्रेमपर्यंत फाइल काढून देते. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरची, पण एकदाच पैसे, दरमहा भाडं नाही. १० बिट ४:२:२ आणि हार्डवेअरचा पूर्ण लाभ हवा असेल तर तीच लागते. पण हे पुढचं. पेन ड्राइव्हवरून कुणी फुकटात 'चालू करून' देत असेल तर मात्र नको म्हण. गिऱ्हाइकाच्या लग्नाचा डेटा त्या मशीनवर असणार आहे.

सीझनचे दोन पैसे हातात आले की कार्ड घे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, नाशिक-त्र्यंबकात कामाला तोटा नसेल. तेव्हा १२ जीबी मेमरीचं बघ, आरटीएक्स ३०६० किंवा इंटेल आर्क बी५८०. आर्कमध्येही क्विक सिंकच आहे. ३०६० चा एक ८ जीबीवाला भाऊ बाजारात हिंडतो, नाव तेच पण मेमरीही कमी आणि तिचा रस्ताही अरुंद, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाच. सेकंडहँड मिळालं तर सप्टेंबर २०२२ आधीचं कार्ड संशयानेच बघायचं. तोवर इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला अशी कार्डं रात्रंदिवस जुंपलेली असत. आणि कार्ड बसवल्यावर बायोसमध्ये अंगचं ग्राफिक्स चालू ठेवायचं. बऱ्याच बोर्डांवर कार्ड लागलं की ते आपोआप बंद होतं, मग लोक म्हणतात "कार्ड टाकलं आणि मशीन हळू झालं".

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन. एकच घेऊन "दुसरी नंतर" हे नको, कारण अंगचं ग्राफिक्स याच रॅममधून मेमरी उचलतं आणि दोन चॅनेल चालू नसतील तर तिथेच कुंथतं. भाव ऐकून तुला झीट येईल. एआयच्या सर्व्हरांकडे चिप बनवणाऱ्यांचा ओढा गेला आणि गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅम भडकलीय. म्हणूनच जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम लागणारा बी७६० बोर्ड घे, चार रॅमच्या खाचांचा. प्रोसेसर बसतो तो यावरचा सॉकेट आता जुना झाला, पुढे नवीन पिढी यात बसणार नाही हे खरं आहे. पण त्याच बोर्डावर उद्या १४७०० बसतो, तेवढी वाढ तुला पाच वर्षं पुरेल.

साठवणीचा हिशोब मात्र कागदावर मांड. १०० मेगाबिट म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले तर ४५० जीबी, एका लग्नाचे. हळद वेगळी. म्हणजे कोटेशनमधल्या ५१२ मध्ये विंडोज टाकल्यावर एक लग्नही नीट मावत नाही! १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावरच बसणारी वेगवान एसएसडी घे, टीएलसी प्रकारच्या चिपची. जुन्या पिढीची, जेन ३ असली तरी सेकंदाला ३,५०० एमबीच्या आसपास वाचते. आपल्या फाइलला एका कॅमेऱ्यामागे साडेबारा एमबी लागतात, त्यामुळे ७,००० च्या आकड्यापायी जादा पैसे मोजायचं कारण नाही. काम संपलेल्या लग्नांसाठी ४ टीबीची साधी हार्ड डिस्क, आणि अल्बम हातात पडेपर्यंत दुसरी प्रत तुझ्या जुन्या मशीनच्या डिस्कवर.

मशीन कधी अडलंच तर प्रॉक्सी कर, म्हणजे मूळ क्लिपच्या हलक्या प्रती. रात्री जेवायला बसताना लावून दे, सकाळी हलक्या फाइल तयार. कट त्यांच्यावर, शेवटची फाइल मूळ क्लिपवरून. याने माझी कितीतरी लग्नं निभावली.

विजेत कंजूषी करू नकोस, निफाडला तर नाहीच. पॉवर सप्लाय ५५० वॅटचा चालला असता, पण कार्ड येणार आहे म्हणून ६५० वॅट, ८० प्लस ब्राँझ. यूपीएस कोटेशनमध्ये ६०० व्हीएचा आहे, तो जेमतेम ३६० वॅट देतो. आत्ता चालेल, कार्ड आल्यावर एक्सपोर्टच्या मधोमध मान टाकेल. आत्ताच १,१०० व्हीएच्या आसपासचा घे. अर्थिंग तपासून घे. आणि द्राक्षबागेत भुरीसाठी गंधक मारतात त्या दिवशी तुझ्या खोलीची खिडकी बंद ठेव, गंधकाने तांब्याचे संपर्क काळे पडतात. आबांना सांग, फवारणीचा दिवस आदल्या रात्री कळवा म्हणून.

मॉनिटर आत्ता जुनाच वापर, पण रंगाचं काम त्याच्यावर करू नकोस. माझ्या एका जुन्या मॉनिटरवर परवाचं रहाडीचं पिवळं पाणी पोपटी दिसत होतं. पुढे आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबीचे सगळे रंग दाखवणारा बघू.

पैशांची वाटणी माझ्या डोक्यात अशी आहे: प्रोसेसर आणि बोर्डाला ३० हजार, रॅम आणि दोन्ही डिस्कना मिळून ३०, उरलेल्या १५ मध्ये पॉवर सप्लाय, यूपीएस आणि साधा जाळीचा कॅबिनेट. रॅमने जास्त खाल्लं तर हार्ड डिस्क २ टीबीची करू, रॅम कापायची नाही. पंख्यांच्या रंगीत दिव्यांना एक रुपया नाही.

खरेदी कॅनडा कॉर्नरला आणि एमजी रोडला फिरून करू. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जायचा तुझा बेत मला पटलेला नाही. तिथे दोन-तीन हजार सुटतीलही, पण बोर्ड बिघडला की पुन्हा मुंबई. इथे तो माणूस गल्ल्यावर बसलेला सापडतो. प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल, त्यावर सीरियल नंबर, आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातला. खोक्यावर एफ नाही ना, हे तू स्वतः वाचायचं.

रविवारी ये. येताना तुझ्या कॅमेऱ्याची आणि त्या भाड्याच्या पोराने मागच्या लग्नात दिलेली, अशा दोन-दोन कच्च्या क्लिप पेन ड्राइव्हवर आण. व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस, ते फाइल दाबून टाकतं आणि मग बघण्यासारखं काही उरत नाही. माझ्या मशीनवर एडियसमध्ये टाकून बघू, मग कोटेशन नवीन करून घेऊ. स्टुडिओत राजीनामा त्याआधी देऊ नकोस, आणि काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
पक्या

ता. क. द्राक्षं आणणार असशील तर एक्स्पोर्टची नको, ती पाहुण्यांना दे. मला बांधावरची, थोडी जास्त पिकलेली.